पाऊल अडते कुठे, आवरत नाही कुठे?

कंपवाताचे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात उभा राहतो. नावातच कंप असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या घरात हा आजार काही वर्षे मुक्कामाला आहे, त्या घरातील माणसे कंपाची तक्रार सहसा शेवटी करतात. आधी सांगतात ते निराळेच असते. "खुर्चीतून उठतात आणि तिथेच खिळल्यासारखे उभे राहतात." "स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या की पाऊल उचलतच नाही." "एकदा चालू लागले की आवरता येत नाही, समोरच्या कपाटावर जाऊन आदळतात." हात थरथरला तर चहा सांडतो. पाऊल वेळेवर निघाले नाही किंवा वेळेवर थांबले नाही, तर माणूस पडतो. आणि सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे या पाक्षिकाच्या वाचकांना सांगायला नको.

विचित्र गोष्ट अशी की, यातले बरेचसे डॉक्टरांच्या खोलीत दिसतच नाही. घरी दहा वेळा अडणारे आजोबा तिथे टेबलापासून दारापर्यंत सरळ चालून दाखवतात, आणि सोबत आलेल्या सुनेला आपणच खोटे पडल्यासारखे वाटते. नवख्या जागी, परक्या माणसासमोर चालताना माणूस प्रत्येक पावलाकडे लक्ष देतो, आणि लक्ष दिले की अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते. घरी मात्र त्याचे लक्ष दूरध्वनीच्या घंटीकडे असते, मोरीत जाण्याच्या घाईकडे असते. म्हणूनच या आजाराची खरी मोजदाद घरातच होऊ शकते. मराठी आधारगटांनी रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणण्याची चांगली प्रथा पाडली आहे. शुभंकराने काय पाहावे आणि कसे मोजावे, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात अवघ्या सहा रुग्णांची हकिकत आहे, आणि त्यांतील काही जण तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. पाचव्या रुग्णाचे दर्शन त्यांना दुरूनच झाले. या गृहस्थांना चालायचे असले की त्यांचा सेवक समोर उभा राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवी आणि त्यांना हळुवार मागेपुढे झुलवी. तोल साधला की गृहस्थ इशारा करीत आणि एकदम पळतच सुटत. सेवक चटकन बाजूला होऊन पुढे धावे, कारण वीसेक पावलांनंतर त्यांना झेलावे लागे. मधली वीस पावले त्या गृहस्थांना जमत होती. जमत नव्हते ते पहिले पाऊल, आणि शेवटचे.

हालचालीचा आरंभ, तिचा ओघ आणि तिचा विराम ही मेंदूची तीन वेगवेगळी कामे आहेत. निरोगी माणूस ती इतक्या सहज करतो की त्यांचे वेगळेपण जाणवत नाही. पाऊल उचलण्याआधी शरीराचा भार क्षणभर उचलायच्या पायाकडे ढकलला जातो आणि लगेच दुसऱ्या पायावर सरकतो. हा भार सरकला तरच पहिला पाय मोकळा होतो. कंपवातात ही पूर्वतयारीच तोकडी पडते. पार्किन्सन यांनी पाहिलेला सेवक मालकाला झुलवून नेमके हेच काम त्याच्या वतीने करीत होता, आणि आजचे फिजिओथेरपिस्टही अडलेल्या शुभार्थीला आधी डावीकडे-उजवीकडे डुलायला सांगतात.

मेंदूच्या खोल भागात 'बेसल गँग्लिया' नावाचा केंद्रांचा एक समूह आहे. त्याचे काम उतारावर उभ्या केलेल्या गाडीच्या हँडब्रेकसारखे आहे, असे ढोबळमानाने म्हणता येईल. एरवी ब्रेक ओढलेला असतो. हवी ती हालचाल निवडून तेवढ्यापुरता तो सैल केला जातो. हे सैल करण्याचे काम डोपामिन या रसायनाच्या मदतीने होते. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नाहीशा होतात, आणि ब्रेक पुरता सुटेनासा होतो. पाऊल निघत नाही, निघाले तर आखूड पडते. मग आखूड पावले पुढे झुकलेल्या धडाला गाठण्यासाठी भराभर पडू लागतात आणि चालण्याचे पळणे होते. न निघणे आणि न थांबणे ही दोन टोके दिसायला परस्परविरुद्ध असली तरी एकाच माणसात, कधी कधी एकाच मिनिटात, दोन्ही दिसतात. 'मघाशी हलत नव्हते, आता धावताहेत, म्हणजे मनात आले की चालतात,' असा निष्कर्ष काढणारी माणसे प्रत्येक कुटुंबात भेटतात. तो निष्कर्ष चूक आहे, आणि शुभार्थीला तो आजारापेक्षाही जास्त लागतो.

तज्ज्ञ काय मोजतात

मेंदुविकारतज्ज्ञ शुभार्थीला अंगठ्यावर तर्जनी दहा वेळा आपटायला सांगतात, शक्य तितक्या जलद आणि बोटे शक्य तितकी फाकवून. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. परंतु तज्ज्ञ नुसता वेग पाहत नसतात. बोटांमधले अंतर दर आपटीला कमी होत जाते का, आणि मध्ये किती वेळा हालचाल अडखळते, हे ते मोजतात. आंतरराष्ट्रीय हालचाल-विकार संघटनेने २००८ साली सुधारलेली जी मोजपट्टी आज जगभर वापरली जाते, तिच्यात प्रत्येक कसोटीला ० ते ४ गुण असतात. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. दहा आपट्यांत एक-दोनदा अडखळले तर १, तीन ते पाच वेळा अडखळले तर २, आणि हात एकदाही लांबलचक थबकला तर ३.

पाऊल गोठण्याला, ज्याला डॉक्टर 'फ्रीझिंग' म्हणतात, याच पट्टीवर स्वतंत्र जागा आहे. निघताना, वळताना किंवा दारातून जाताना एकदाच थबकून पुढे नीट चालता आले तर १. अशा जागी एकाहून अधिक वेळा थबकले तर २. मोकळ्या, सरळ वाटेवर एकदा गोठले तर ३, वारंवार गोठले तर ४. म्हणजे कुठे अडले यावर त्रासाची पायरी ठरते. दारात अडणे आणि दिवाणखान्याच्या मध्यभागी अडणे या एकाच तोलाच्या गोष्टी नव्हेत.

आणखी एक चाचणी पाठीमागून केली जाते. तज्ज्ञ मागे उभे राहून, पूर्वसूचना देऊन, शुभार्थीचे खांदे झटकन मागे ओढतात आणि तोल सावरायला किती पावले लागली ते मोजतात. एक-दोन पावले ठीक. पाचांहून जास्त लागली तर चिंतेची बाब. ही कसोटी खरे तर थांबण्याची आहे. ती घरी कोणीही करून पाहू नये. झेलायचे कसे हे शिकलेल्या माणसाचेच ते काम आहे.

गोठलेला पाय वस्तुतः स्थिर नसतो, हे यंत्रांनी दाखवून दिले. पोटरीच्या वर छोटा संवेदक बांधला तर गोठण्याच्या क्षणी पाय सेकंदाला सुमारे ३ ते ८ वेळा थरथरताना आढळतो. साध्या चालण्याची लय याहून बरीच संथ असते. या दोन लयींचे गुणोत्तर काढून गोठणे यंत्राने ओळखता येते. जवळून पाहिले तर ही गुडघ्यांची थरथर डोळ्यांनाही दिसते. काही अभ्यासकांच्या मते ती भार सरकवण्याचा पुन:पुन्हा फसणारा प्रयत्न असतो. तेव्हा 'प्रयत्नच करत नाहीत' असे म्हणण्यापूर्वी एकदा गुडघ्यांकडे पाहावे.

थांबणे कसे मोजतात, हा त्याहून कठीण प्रश्न. न झालेल्या हालचालीला वेळ कोणती लावायची? गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन या संशोधकांनी १९८४ साली याचे सुंदर उत्तर दिले. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचे. मात्र मधूनच एखाद्या खुणेपाठोपाठ 'थांबा' असा इशारा होतो, तेव्हा दाबायचे नाही. इशारा लवकर आला तर हात आवरतो, उशिरा आला तर बटण दाबले जाते. त्यांनी कल्पना केली की 'दाब' आणि 'थांब' या दोन आज्ञा मेंदूत शर्यत लावतात, आणि जी आधी पोहोचते ती जिंकते. इशारा थोडा थोडा पुढेमागे करून, शर्यत बरोबरीत सुटते तो क्षण शोधला की थांबण्याच्या आज्ञेला लागणारा वेळ गणिताने काढता येतो. निरोगी तरुण माणसात तो साधारण पाव सेकंदाच्या आत-बाहेर असतो. वयानुसार वाढतो, आणि कंपवातात आणखी. थांबणे म्हणजे चालू हालचाल नुसती संपणे नव्हे; ती मेंदूने वेगळी धाडलेली आज्ञा असते, आणि तीही थकते.

प्रत्येक आजार आपापल्या जागी अडवतो. ब्रिटिश चेतातज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी पहिल्या महायुद्धात मेंदूच्या मागल्या भागाला, म्हणजे लहान मेंदूला, गोळी लागलेले सैनिक तपासले. इजा एकाच बाजूला असल्याने त्याच सैनिकाचा चांगला हात तुलनेला उपलब्ध होता. दोन्ही हातांनी एकदम पकड आवळायला आणि एकदम सोडायला सांगितले, तर दुखावलेल्या बाजूचा हात आवळायलाही उशीर करी आणि सोडायलाही. दंड वाकवून धरलेला हात समोरून ओढून अचानक सोडला, तर निरोगी हात जागीच आवरतो. या सैनिकांचा हात उसळून त्यांच्याच तोंडावर येई. १९१७ साली त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि ती तपासणी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. हंटिंग्टनच्या आजारात आणखी निराळे घडते: तिथे सुरू केलेली हालचाल टिकत नाही. जीभ बाहेर काढून दहा सेकंद ठेवा म्हटले तर ती आपोआप आत जाते, आणि हात हातात घेतला तर पकड गाईची धार काढल्यासारखी घट्ट-सैल, घट्ट-सैल होत राहते.

घरी काय मोजावे

घरच्या मोजणीला यंत्र लागत नाही. एक हातांची खुर्ची, जमिनीवर तीन मीटरवर एक रंगीत चिकटपट्टी आणि मोबाइलमधले घड्याळ पुरे. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. ही चाचणी १९९१ पासून जगभर वापरात आहे. नेहमीची पादत्राणे घालावीत, काठी वापरत असतील तर काठी घ्यावी, आणि एकाने सतत शेजारून चालावे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सूचनेनुसार ज्येष्ठ व्यक्तीला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका आहे असे समजतात.

माझ्या मते या चाचणीतली सर्वांत कमी उपयोगाची गोष्ट म्हणजे तिचा एकूण आकडा. दोन शुभार्थींना सारखेच वीस सेकंद लागले, पण एकीचे आठ सेकंद खुर्चीतून उठण्यात गेले आणि दुसऱ्याचे आठ सेकंद वळण्यात, तर त्या दोघांना लागणारी मदत वेगळी आहे. पहिलीला उंच खुर्ची आणि मांड्यांचे व्यायाम उपयोगी पडतील. दुसऱ्याला जागच्या जागी गिरकी न घेता मोठ्या अर्धवर्तुळात वळायला शिकवावे लागेल. म्हणून मोबाइलवर चित्रण करावे, डोक्यापासून टाचांपर्यंत सगळे दिसेल असे, आणि नंतर निवांत पाहून तुकडे मोजावेत: उठायला किती प्रयत्न लागले, उभे राहिल्यापासून पहिले पाऊल पडेपर्यंत किती सेकंद गेले, वळायला किती पावले लागली, खुर्चीजवळ येताना पावले भराभर होऊन शरीर खुर्चीत कोसळले का. हे शेवटचे निरीक्षण बहुतेकांकडून निसटते. बसणे हाही विराम आहे, आणि खुर्ची जेमतेम हाताच्या अंतरावर असताना पडलेली माणसे कमी नाहीत.

एक मोजणी तर न सांगताच करता येते. १९९७ साली स्वीडनमधील एका अभ्यासात वृद्ध माणसांशी चालता चालता गप्पा मारल्या गेल्या, आणि उत्तर देण्यासाठी जे थांबले त्यांची नोंद ठेवली गेली. पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचे प्रमाण त्यांच्यात बरेच जास्त आढळले. चालणे आपोआप होईनासे झाले की त्याला लक्ष पुरवावे लागते, आणि बोलण्याने ते लक्ष वाटले जाते. तेव्हा चालणाऱ्या आजींना मागून हाक मारून 'गॅस बंद केला का?' असे विचारू नये. त्या बसल्यावर विचारावे.

या सर्व नोंदींबरोबर एक गोष्ट असायलाच हवी: गोळीची वेळ. लेव्होडोपा घेतल्यानंतर काही काळ शरीर मोकळे असते, मग परिणाम ओसरतो. शुभंकर त्याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणून ओळखतात. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडून दोन-तीन दिवस नोंद ठेवली की चित्र स्पष्ट होते. पाऊल गोळीचा असर उतरल्यावर गोठत असेल, तर गोळ्यांच्या वेळा किंवा मात्रा बदलून ते सुधारण्याची शक्यता असते. परंतु गोळी उत्तम लागू असतानाही गोठत असेल, तर मात्रा वाढवून उपयोग होईलच असे नाही, क्वचित त्रास वाढतोही. तक्रार एकच, 'पाय चिकटतात', आणि डॉक्टरांना घ्यावे लागणारे निर्णय मात्र भिन्न. तो निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती त्यांच्या खोलीत तयार होत नाही, ती आपल्या स्वयंपाकघराच्या दारात तयार होते. अर्थात गोळीत फेरफार आपण करायचा नाही. आपण फक्त वही न्यायची.

थांबण्याची गोष्ट पायांपुरती नाही, हेही इथे नोंदवायला हवे. डोपामिनचे काम करणाऱ्या काही औषधांनी थोड्या जणांत मनाचा ब्रेक सैल होतो: आयुष्यभर काटकसर केलेला माणूस अनावर खरेदी करू लागतो, जुगाराकडे वळतो. मेंदूत मसुराच्या दाण्यासारख्या घडणीचे 'सबथॅलॅमिक न्यूक्लियस' नावाचे एक केंद्र आहे. थांबण्याच्या आज्ञेत त्याचा मोठा वाटा असतो, आणि डीप ब्रेन स्टिम्युलेशन या शस्त्रक्रियेत विद्युत्-तार बहुधा तिथेच बसवतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हे यंत्र चालू असताना रुग्ण अवघड निवडीच्या वेळी थबकून विचार करण्याऐवजी घाईने निर्णय घेताना दिसले. शस्त्रक्रियेने अनेकांचे जगणे सुसह्य झाले आहे, यात शंका नाही. मात्र स्वभावात असा बदल दिसला तर तो संकोचापोटी लपवू नये, डॉक्टरांना सांगावा.

अडलेले पाऊल सुटते तेव्हा

नेदरलँड्समधील नायमेखन येथील डॉक्टर बास ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एका ५८ वर्षांच्या गृहस्थांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांना दहा वर्षांपासून कंपवात होता. आधार देऊनही ते जेमतेम काही पावले टाकत आणि पडत. हेच गृहस्थ सायकलवर बसवले की सफाईदारपणे सायकल चालवत, वळवत. उतरले की पुन्हा जागीच खिळत. मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांबाबत असेच काही पाहिले: सपाट जमिनीवर अडणारे काका जिना मात्र विनासायास चढत-उतरत. त्यांनी सपाट जमिनीवर जिन्याच्या पायऱ्यांचा आभास देणारे चित्र तयार केले, आणि काका त्यावरून चालू लागले. हे दोन्ही प्रसंग ऐकून घरात सायकल आणू नये. त्यांचे मर्म एवढेच की, आतून येणारी आज्ञा क्षीण झाली तरी बाहेरून मिळालेला इशारा दुसऱ्या वाटेने पायापर्यंत पोहोचू शकतो.

आपल्या शुभार्थीला कोणता इशारा लागू पडतो, हे मात्र पुन्हा मोजूनच कळते. दाराच्या अलीकडे आडव्या रंगीत पट्ट्या एकेका पावलाच्या अंतरावर चिकटवून पाहाव्यात. कोणाला 'एक-दोन, एक-दोन' मोजण्याने पाय सुटतो, कोणाला मोबाइलवरच्या ठोक्याने, कोणाला भजनाच्या ठेक्याने. उभा जन्म दिंडीत पावली खेळलेल्या माणसाला टाळांचा नाद पुरतो. तीन मीटरची तीच चाचणी एकदा इशाऱ्याविना आणि एकदा इशाऱ्यासह घ्यावी, पहिल्या पावलाला लागलेला वेळ लिहावा, आणि आठवड्यानंतर पुन्हा पाहावे. आज उपयोगी पडलेली पट्टी सवयीची झाली की निष्प्रभ होऊ शकते. मग रंग बदलावा, ठेका बदलावा.

आणि प्रत्यक्ष गोठण्याच्या क्षणी हात धरून पुढे ओढू नये. धड पुढे येते, पाय मागेच राहतात, आणि नेमके जे टाळायचे ते घडते. 'चला, चला, लवकर' हेही म्हणू नये. घाईने पाय आणखी रुततो. समोरून किंचित बाजूला उभे राहावे, "थांबा, काही घाई नाही," असे म्हणावे. त्यांना सरळ उभे राहू द्यावे, एक श्वास घेऊ द्यावा, भार डावीकडे, मग उजवीकडे नेऊ द्यावा. मग आपले पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवे ठेवून म्हणावे, "माझ्या पायावरून पलीकडे टाका." पाऊल पडले की आपला पाय चटकन काढून घ्यावा.